ओठांवरील पुळ्या आणि घरांतील टॉवेल

ताप उतरतांना ओठांवर ज्या बारीक पाणीदार पुळ्या उठतात, त्यांचें कारण बहुधा हर्पीसचा विषाणु होय. तो दुसऱ्याच्या टॉवेलानें, वस्तऱ्यानें किंवा ओठांच्या मलमानें लागतो काय? क्वचित् लागूं शकतो. म्हणून पुळ्या असतां या वस्तु निराळ्या ठेवाव्या. परंतु वस्तूवर वाळतांच त्याचा जोर ओसरूं लागतो, आणि साबणानें त्याचें स्निग्ध आवरण विरघळतें. त्याचा मुख्य मार्ग म्हणजे प्रत्यक्ष स्पर्श, लाळ आणि चुंबन. टॉवेल उकळून घेणारी आजी ओठावर पुळी असतां बारशाला बाळाचा मुका घेते, तेथें खरा धोका आहे. कारण पहिल्या महिन्यांत हा विकार बाळाच्या जिवावर बेतूं शकतो. पुळी पूर्ण बरी होईपर्यंत मुका न घेणें, हीच खरी माया.