समग्र चित्रकृतींचा ध्यास

एखाद्या आवडत्या लेखकाचे समग्र वाङ्मय जमविणारा गृहस्थ आपल्या समाजात नेहमीच आदरास पात्र ठरत आला आहे. कपाटातील एखादा खंड उणा असेल तर त्यासाठी पुण्या-मुंबईच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हेलपाटे घालणाऱ्या अशा व्यासंगी माणसाचे आपण कौतुक करतो. परंतु हाच ध्यास कोणी एखाद्या चित्रपट-दिग्दर्शकाच्या बाबतीत घेतला, त्याच्या पहिल्या धडपडीपासून अखेरच्या कृतीपर्यंत सारे चित्रपट क्रमाने संग्रही असावेत म्हणून वर्षानुवर्षे शोध चालविला, तर त्याची गणना छंदिष्टांत होते. आम्हांस हा भेद अन्यायाचा वाटतो. आज या छंदिष्टांचे समाजावर असलेले ऋण मोठे आहे, आणि त्याचा उच्चार होणे अगत्याचे आहे.

समग्रतेचा आग्रह का धरावयाचा, उत्तम तेवढे निवडून घेतले म्हणजे पुरे नव्हे काय, असा प्रश्न सहज विचारला जातो. गुरुदत्त यांचेच उदाहरण घ्या. 'प्यासा' (१९५७) पाहिलेला रसिक त्यांना थोर म्हणतो. पण त्या थोरवीची घडण पाहावयाची तर 'बाजी' (१९५१) पासून आरंभ करावा लागतो. किनाऱ्यावरील ख्रिस्ती मच्छीमारांच्या जीवनाची पार्श्वभूमी असलेला 'जाल' (१९५२) फारसा कोणी आठवत नाही. परंतु छायालेखक व्ही. के. मूर्ती यांची त्यांना लाभलेली साथ तेथूनच सुरू होते, आणि 'कागज के फूल' (१९५९) मधील छायाप्रकाशाचे जे वैभव आपण वाखाणतो त्याची पूर्वतयारी या प्रारंभीच्या चित्रपटांत पाहावयास मिळते. 'कागज के फूल' धंद्याच्या दृष्टीने कोसळला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांचे नाव पडद्यावर आले नाही. मग १९६२ च्या 'साहिब बीबी और गुलाम'चे काय? दिग्दर्शनाचे श्रेय अब्रार अल्वी यांचे, आणि चित्रपटावरील मुद्रा मात्र पुष्कळांना गुरुदत्तांची वाटते. तो संग्रहात कोठे ठेवावयाचा, हा प्रश्न संग्राहकालाच पडतो. निवडक पाहणाऱ्यास तो पडतही नाही.

आपल्या व्ही. शांतारामांच्या बाबतीत तर निराळीच अडचण. प्रभातचे अनेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघत. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) या जोड्या सर्वपरिचित आहेत. यांतील दुसरा म्हणजे पहिल्याची निव्वळ नक्कल, असे समजणे चूक ठरेल. मराठी 'शेजारी'त हिंदू पाटील केशवराव दाते यांनी रंगविला. हिंदीत हिंदू ठाकूर झाले मजहर खान, आणि मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांच्याकडे राहिली. हिंदू-मुसलमान शेजारधर्माची कथा सांगताना नटांच्या या निवडीने केवढा अर्थ सांगितला! एकच प्रत बाळगणाऱ्याच्या हाती या चित्रपटाचा अर्धाच भाग येतो.

तथापि खरे दुःख पुढेच आहे. या देशात समग्रतेचा संकल्प सोडणाऱ्यास लवकरच रिकाम्या जागा भेटतात. दादासाहेब फाळके यांचे समग्र चित्रपट कितीही द्रव्य खर्चिले तरी आता कोणासही मिळणार नाहीत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रतदेखील अस्तित्वात नाही. बाबूराव पेंटर यांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा मूकपट गेला, आणि त्यात तरुण शेतकरी झालेले शांताराम पाहण्याची संधीही त्याबरोबर गेली. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कोठेही नाही. तेराशेच्या आसपास मूकपट या देशात निघाले. त्यांपैकी काही ना काही अंश शिल्लक आहे असे तीसेकच असतील. नायट्रेटच्या फिती ज्वालाग्राही. काही जळाल्या, काही कुजल्या, आणि कित्येक तर त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी वितळविल्या गेल्या. जे लोक ताम्रपट व शिलालेख जतन करण्याच्या गोष्टी बोलतात त्यांनी आपल्या डोळ्यांदेखत एका नव्या कलेचा पहिला अध्याय भंगाराच्या भावाने विकला! १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवेड्या माणसाने गावोगाव हिंडून जे उरले होते ते गोळा केले. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच आग लागून नायट्रेट फितींचा मोठा साठा नष्ट झाला.

मात्र हताश होण्याचेही कारण नाही. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपुर संसार' या अपु-त्रयीच्या मूळ फिती १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. त्या टाकून न देता अमेरिकेतील अकादमीने जपल्या. पुढे इटलीतील बोलोन्या येथील तंत्रज्ञांनी त्या ठिसूळ पट्ट्या हातांनी दुरुस्त केल्या. पहिल्या चित्रपटाचा सुमारे ४० टक्के आणि दुसऱ्याचा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ फितीवरून परत मिळविण्यात आला, उरलेला अन्य प्रतींवरून घेतला गेला, आणि २०१५ मध्ये ही त्रयी पुन्हा रसिकांसमोर आली. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) गुजरातच्या ५ लाख दूध-उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन उभा केला होता. त्याचाही जीर्णोद्धार होऊन २०२४ साली तो कान येथे दाखविला गेला. जळलेली फीतही टाकू नये, हा यातील बोध आहे.

आता कोणी म्हणेल, पडद्यावर बोट टेकताच घरबसल्या वाटेल तो चित्रपट मिळत असता संग्रहाची यातायात कशाला? हा भ्रम आहे. वर्गणी भरणारा चित्रपटाचा मालक होत नाही. करार संपला की काल दिसणारा चित्रपट आज दिसेनासा होतो. जुन्या आणि प्रादेशिक चित्रपटांचा या बाजारात पाडही लागत नाही. तबकड्या विकणारी दुकाने तर जवळजवळ मिटलीच. अशा वेळी एखाद्या घरच्या कपाटातील प्रत हीच शेवटची प्रत ठरू शकते.

या प्रश्नाशी गोमंतकाचा संबंध दूरचा नाही. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. थोर दिग्दर्शकांचे सिंहावलोकन येथे होते. परंतु मांडव उतरला की मागे काय उरते? १९५० सालचा पहिला कोंकणी चित्रपट 'मोगाचो आंवडो' आजच्या तरुणास पाहावयास मिळत नाही. लोटलीच्या जुन्या वाड्यात चित्रित झालेला बेनेगलांचा 'त्रिकाल' (१९८५) हा तर आपल्याच इतिहासाचा तुकडा. १८३२ पासूनची परंपरा सांगणारे मध्यवर्ती ग्रंथालय या राज्यात आहे. तेथे दिग्दर्शकवार मांडलेला, सूचीसह असलेला चित्रसंग्रह आणि तो पाहावयास बसण्याची सोय का असू नये? जिने पहिला चित्रपट टिपला ती फीत, जाहिरातींची भित्तिपत्रके आणि चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तके यांनाही तेथे जागा मिळावी. महोत्सवाच्या खर्चातील अल्पसा हिस्सा एवढ्याने पुरेल, असे आम्हांस वाटते.

संग्राहकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या या दमट किनाऱ्यावर बुरशी हा मोठा शत्रू आहे. फितींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की त्यांचा ऱ्हास सुरू झाला असे समजावे, आणि त्या जाणकारांच्या हाती द्याव्यात. आपल्याजवळ काय आहे याची यादी करावी व ती घरच्यांस ठाऊक असावी. संग्राहकामागे त्याचा ठेवा रद्दीच्या गाड्यावर जाण्याचे प्रकार पुस्तकांच्या बाबतीत आपण पुष्कळ पाहिले. ज्याने आयुष्यभर एका कलावंताची एकेक कृती जोडून ठेवली, त्याच्या पश्चात ती माळ तुटू न देणे हे सरकारचे जितके, तितकेच आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.