मैदान कोणाचे? : इंग्लंडमधल्या मुलांच्या फुटबॉलविषयी

पूर्व लंडनमध्ये हॅकनी मार्शेस नावाचा विस्तीर्ण सखल भाग आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत लंडनची जी घरे पडली, त्यांचा राडारोडा इथे टाकून जमीन उंच केली गेली आणि तिच्यावर शंभराहून अधिक फुटबॉल मैदाने आखली गेली. रविवारी सकाळी शेकडो हौशी खेळाडू तिथे एकाच वेळी खेळत. इंग्लंडचे फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रीमियर लीग येते. मला मात्र गेली काही वर्षे या दुसऱ्या, पडद्यावर न दिसणाऱ्या खेळाचे कुतूहल आहे. मी खेळाडू नव्हे, प्रशिक्षकही नव्हे. अहवाल आणि नियमपुस्तिका वाचता वाचता एक प्रश्न मनात रुतून बसला : ज्या देशाने १८६३ साली या खेळाचे नियम बांधले, जिथली लीग जगात सर्वांत श्रीमंत आहे, तिथल्या सामान्य मुलाला धड मैदान मिळण्याची मारामार का?

पहिले कारण हवामानाचे. आपल्याकडे पाऊस सरला की मैदाने खुली होतात; तिथे फुटबॉलचा हंगामच मुळी सप्टेंबर ते मे. चिकणमातीच्या जमिनीत पाणी साचते, सामने रद्द होतात. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. शाळा सुटते तीन-साडेतीनला. म्हणजे आठवड्यातला सराव दिव्यांच्या प्रकाशातच व्हायचा, आणि गवताच्या बहुतेक सार्वजनिक मैदानांवर दिवे नाहीत.

दुसरे कारण मालकीचे. यांतली बहुतेक मैदाने पालिकांची असतात. क्लब ती भाड्याने घेतात. वृद्धांची आणि निराधार मुलांची काळजी घेणे पालिकांना कायद्याने बंधनकारक आहे; खेळाची मैदाने राखणे तसे बंधनकारक नाही. २०१०नंतर केंद्र सरकारची अनुदाने आटली, तेव्हा पाण्याचा निचरा, गवताची निगा, कपडे बदलण्याच्या खोल्या यांना कात्री लागणे क्रमप्राप्तच होते.

मैदान काढून घेतले की खेळ कसा जातो, याचा दाखला याच देशाच्या इतिहासात आहे. १९२०च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या महिला संघाचा सामना पाहायला सुमारे ५३,००० प्रेक्षक आले होते. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांना फर्मावले की महिलांच्या सामन्यांना मैदाने देऊ नयेत. खेळण्यावर बंदी घातली नव्हती. फक्त मैदाने बंद केली. तेवढ्याने महिला फुटबॉल जवळपास ५० वर्षे मागे पडले.

मुलांच्या प्रशिक्षणाचा विचार गांभीर्याने व्हायला एक मोठा पराभव कारणी लागला. नोव्हेंबर २००७मध्ये वेम्ब्लीवर क्रोएशियाने इंग्लंडला ३-२ असे हरवले आणि इंग्लंड २००८च्या युरो स्पर्धेला मुकले. त्यानंतरच्या चर्चांमधून २०१२ साली बालफुटबॉलच्या फेररचनेचा ठराव मंजूर झाला. तोवर दहा वर्षांची मुलेही अकरा-अकराच्या संघांत, मोठ्यांच्या मैदानावर खेळत. गोल २४ फूट रुंद, ८ फूट उंच. त्यात साडेचार फुटी गोलरक्षक! चेंडू त्याच्या डोक्यावरून मारला की गोल. साहजिकच थोराड मुले निवडली जात. त्यातही एक मेख होती. तिथले वयोगट १ सप्टेंबरपासून मोजतात. त्यामुळे सप्टेंबरात जन्मलेला मुलगा त्याच गटातल्या ऑगस्टमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि आपण त्या वर्षालाच गुणवत्ता समजतो.

नव्या रचनेत सात-आठ वर्षांखालच्यांसाठी पाच-पाच, नऊ-दहाखालच्यांसाठी सात-सात, अकरा-बाराखालच्यांसाठी नऊ-नऊ आणि तेराखालच्या गटापासून अकरा-अकरा असे संघ ठरले. सर्वांत लहानांचा गोल १२ फूट रुंद, ६ फूट उंच. त्यांच्या गुणतालिकाही बंद झाल्या. संघ लहान, मैदान लहान म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू अधिक वेळा लागणार, हे साधे गणित.

हे शिकवणारा प्रशिक्षक बहुधा एखाद्या खेळाडूचाच बाप किंवा आई असते. नोकरी सांभाळून, बिनपगारी. त्यांना प्राथमिक अभ्यासक्रम, प्रथमोपचार, बालसुरक्षेचे शिक्षण आणि पोलिसी नोंदींची तपासणी यांतून जावे लागते. सीमारेषेवरून ओरडणाऱ्या पालकांना आवर घालण्यासाठी २००८पासून ‘रिस्पेक्ट’ ही मोहीम चालली. प्रेक्षकांनी दोरीमागे उभे राहायचे, हा तिचा एक भाग. मला हा सुधारणेचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड भाग वाटतो.

मैदानांसाठी २००० साली फुटबॉल फाउंडेशन स्थापन झाले. प्रीमियर लीग, फुटबॉल असोसिएशन आणि सरकार मिळून त्याला पैसा पुरवतात. २०१४ साली असोसिएशनने ३० शहरांत १५० केंद्रे उभारण्याची योजना जाहीर केली. शेफील्डपासून सुरुवात झाली, पण १५०चे उद्दिष्ट गाठले गेले नाही. या केंद्रांचा कणा म्हणजे दिव्यांची सोय असलेले कृत्रिम गवताचे मैदान. साधे गवत आठवड्याला मोजके तास झेपते. कृत्रिम मैदान रोज सकाळपासून रात्रीपर्यंत वापरता येते. पण त्यातले टायरचे रबरी कण मातीत, पाण्यात मिसळतात. म्हणून अशा कणांची विक्री २०३१पासून थांबवण्याचे युरोपीय संघाने २०२३मध्ये ठरवले. शिवाय केंद्र दूर असले, तर ज्या घरी मोटार नाही त्या मुलाने जायचे कसे?

फळे दिसली, हे खरे. ऑक्टोबर २०१७मध्ये कोलकात्यात १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे असलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरवले. पण त्या यशात श्रीमंत क्लबांच्या अकादमींचा वाटा मोठा. पालिकेच्या मैदानावरचा मुलगा त्यात दिसत नाही.

म्हणूनच मला २०२२ सालची घटना अधिक मोलाची वाटते. युरो स्पर्धा जिंकल्यानंतर काही दिवसांतच इंग्लंडच्या महिला संघाने पंतप्रधानपदाच्या उमेदवारांना खुले पत्र लिहिले. मागणी होती, शाळेतल्या प्रत्येक मुलीला फुटबॉल खेळता यावे. बक्षिसाची नव्हे, स्मारकाची नव्हे. मार्च २०२३मध्ये सरकारने शालेय खेळांत मुलामुलींना समान संधी देण्याचे जाहीर केले आणि दोन वर्षांसाठी ६० कोटी पौंडांहून अधिक निधी देऊ केला.

नियम कागदावर बदलता येतात आणि ते देशभर लागू होतात. मैदान मात्र एकेका गावात, एकेका पालिकेच्या अंदाजपत्रकात राखावे लागते, तेही दरवर्षी. तिथले यश चषकांवर मोजण्यापेक्षा पावसाळी मंगळवारी संध्याकाळी किती मुलांना खेळायला मिळाले, यावर मोजावे. त्यातली बहुतेक मुले कधीच खेळाडू म्हणून नाव कमावणार नाहीत. मैदान त्यांचेही आहे.