पाण्याचे यंत्र घेतले. पण त्याची निगा राखता का?

धान विकून चार पैसे हाती आले, की घरात एखादी नवी वस्तू येते. एके काळी शिलाईयंत्र येत असे, पुढे रेडिओ आला, मग दूरदर्शन संच आला. अलीकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी शुद्ध करणारे आर.ओ. यंत्र दिसू लागले आहे. लेकराबाळांना चांगले पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू उत्तमच आहे. परंतु यंत्र भिंतीवर टांगले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो. हा समज किती खोटा आहे, ते आम्ही स्वतःच्या घरी अनुभवले.

आमच्याकडे बोअरच्या पाण्यावर यंत्र बसविले, तेव्हा पहिले काही महिने सर्वांना कौतुक होते. पुढे सवय झाली आणि लक्ष उडाले. चौदा महिने आम्ही ते उघडूनही पाहिले नाही. नळाची धार दोऱ्यासारखी बारीक झाली, तेव्हा कारागिराला बोलाविले. त्याने पहिला फिल्टर बाहेर काढला, तो काजळीसारखा काळा झाला होता. आतला महागडा पडदा निकामी झाला होता. आणि ज्या टाकीतले पाणी आम्ही घरच्यांना व पाहुण्यांना विश्वासाने देत होतो, तिच्या तळाशी बोट फिरविले तर बुळबुळीत थर हाताला लागला. दोष यंत्राचा नव्हता, आमचा होता. म्हणून हा लेख.

यंत्र काम कसे करते?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. फोडीतले पाणी मिठाच्या बाजूला ओढले जाते. यालाच शास्त्रात परासरण म्हणतात. आर.ओ. यंत्रात याच्या उलट घडवून आणतात. खारट पाण्यावर पंपाने दाब देतात आणि अतिशय सूक्ष्म पडद्यातून फक्त पाणी पलीकडे ढकलतात. क्षार अलीकडेच राहतात आणि उरलेल्या पाण्याबरोबर वाहून जातात. असा कामाचा पडदा १९६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला. आधी त्याचा उपयोग खारे पाणी गोडे करण्यासाठी होत असे. आता तोच पडदा गुंडाळी करून आपल्या भिंतीवरच्या पेटीत बसला आहे.

या पडद्याला कारागीर मेंब्रेन म्हणतात. त्याच्याआधी दोन राखणदार असतात. पहिला धाग्यांचा स्पन फिल्टर. तो माती व गाळ अडवितो. दुसरा कोळशाचा फिल्टर. तो वास आणि क्लोरीन शोषून घेतो. क्लोरीन पडद्याला खाते, म्हणून नळयोजनेचे पाणी असेल तर कोळशाचा फिल्टर फारच महत्त्वाचा. शेवटी बहुतेक यंत्रांत जंतू मारणारा अतिनील किरणांचा दिवा आणि साठवणीची टाकी असते.

आधी पाणी तपासा

यंत्र घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न हा, की आपल्याला त्याची गरज आहे का? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजेच टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरे पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. क्षार ५०० पेक्षा कमी असतील तेथे अशा यंत्रांना बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली केंद्र सरकारला सांगितले होते. कारण यंत्र पुष्कळ पाणी वाया घालविते. विहिरीचे पाणी गोडे असेल आणि भीती फक्त जंतूंची असेल, तर पाणी गाळून चांगले उकळणे पुरेसे आहे. विहिरीत हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम या प्रमाणात ताजी ब्लीचिंग पावडर टाकणे हाही जुना व खात्रीचा उपाय आहे.

मात्र टीडीएस मोजणारे लहान मीटर सगळे सांगत नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते, एवढेच पाहते. जंतू किती, फ्लोराइड किती, मॅंगनीज किती, हे त्याला कळत नाही. शेजारच्या मंडला जिल्ह्यात बोअरच्या पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांचे दात डागाळले व पाय वाकडे झाले. ते पाणी दिसायला स्वच्छच होते.

आपली भरवेली तर मॅंगनीजच्या खाणीचे गाव. खाण आहे म्हणून प्रत्येक विहिरीत मॅंगनीज असेलच असे नाही. पण तपासल्याशिवाय नाही असेही म्हणता येणार नाही. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. दुसरे पाणी नसेल तर ०.३. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या आपल्या मार्गदर्शिकेत ०.०८ असा तात्पुरता आकडा दिला आहे आणि त्यात बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळांचा विशेष विचार केला आहे. म्हणून घरात लहान मूल असेल तर हयगय करू नका. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना द्या आणि क्षारांबरोबर फ्लोराइड, नायट्रेट, लोह, मॅंगनीज व जंतू यांची तपासणी मागा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा तपासणी झाली तर उत्तम.

काळा व तांबडा गाळ

लोह आणि मॅंगनीज पाण्यात विरघळलेले असतात तोवर डोळ्यांना दिसत नाहीत. हवा लागली की लोहाचा तांबडा आणि मॅंगनीजचा काळा गाळ होतो. बादलीला काळपट कड धरत असेल, पांढऱ्या कपड्यांवर काळे-तपकिरी डाग पडत असतील, तर समजावे. असे पाणी थेट यंत्रात सोडले तर पडद्यावर थर बसतो आणि दोन-तीन वर्षे चालणारा पडदा वर्षाच्या आत जातो.

लोहासाठी सोपा उपाय म्हणजे पाणी उंचावरून धारेने टाकीत पाडावे, रात्रभर निवू द्यावे आणि वरचे पाणी वापरावे. मॅंगनीज मात्र इतक्या सहज खाली बसत नाही. त्याच्यासाठी यंत्राच्या आधी वेगळा फिल्टर लागतो. गंमत अशी, की त्या फिल्टरमध्ये मॅंगनीज डायऑक्साइडचेच दाणे असतात. मॅंगनीजच मॅंगनीजला पकडते! पण म्हणून कोणी खाणीजवळचे दगड आणून टाकीत घालू नयेत. फिल्टरचे दाणे या कामासाठी निवडलेले व धुतलेले असतात.

महिन्याची तपासणी

आमच्या घरी आता पहिला शुक्रवार हा यंत्राचाही दिवस आहे. मिस्साहून आल्यावर पाच मिनिटे लागतात. जवळ एक वही, एक मोजपात्र आणि एक लहान टीडीएस मीटर असावे.

पहिले काम, आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस लिहून ठेवा. समजा आत ८०० आणि बाहेर ६०, तर पडदा शेकडा ९२ हून अधिक क्षार अडवितो आहे, ठीक आहे. काही महिन्यांनी आत तेच ८०० आणि बाहेर २०० आले, तर शेकडा ७५ च अडतात. पडदा किंवा त्याचे रबरी कडे गेले असे समजा. एका आकड्यावरून काही कळत नाही, वहीतल्या रांगेवरून कळते.

दुसरे काम, एका मिनिटात शुद्ध पाणी किती आणि टाकाऊ पाणी किती, ते मोजा. शुद्ध पाणी कमी होत चालले तर आधी स्पन फिल्टर पाहा. बहुतेक वेळा तोच तुंबलेला असतो.

तिसरे काम, बाहेरचा स्पन फिल्टर. तो तीन महिन्यांनी बदलावा. काळा किंवा तांबडा दिसला तर त्याआधीच. त्याची किंमत थोडी असते, पडद्याची पुष्कळ. कोळशाचा फिल्टर सहा महिने ते वर्षाने, पडदा दोन ते तीन वर्षांनी बदलावा. अतिनील दिवा जळताना दिसला तरी वर्षाने त्याची जंतू मारण्याची शक्ती कमी होते. नाताळापूर्वी घराला रंग देतो तेव्हाच दिवा बदलावा, म्हणजे विसर पडणार नाही.

टाकी धुण्याची रीत

तीन महिन्यांनी टाकी धुवा. यंत्राची वीज व पाणी बंद करा. टाकी रिकामी करून सुटी काढा. पाच लिटर पाण्यात पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट चहाचा एक चमचा घालून ते टाकीत अर्धा तास ठेवा. मग स्वच्छ पाण्याने वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. हे औषध पडद्याकडे जाता कामा नये. टाकी बसविल्यावर पहिली भरलेली टाकी ओतून द्या. नवा फिल्टर बसविल्यावर आणि लग्नकार्यासाठी चार-आठ दिवस गाव सोडून परत आल्यावरही तसेच करा.

आणखी दोन सूचना. मे महिन्यात छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी चटका बसेल इतके तापते. ते यंत्रात सोडू नका, सकाळी लवकर यंत्र चालवून पाणी भरून घ्या. आणि काही यंत्रांत टीडीएस कमीजास्त करण्याचा लहान स्क्रू असतो. तो उघडला की कच्चे पाणीच शुद्ध पाण्यात मिसळते. पाणी चवीला बरे लागते. पण तुमच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर तेही परत आत येते. तपासणीचा कागद पाहिल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू देऊ नका.

टाकाऊ पाण्याचे काय?

घरगुती यंत्र एक भाग शुद्ध पाणी देते तेव्हा साधारण तीन भाग सोडून देते. रोज वीस लिटर शुद्ध पाणी लागले तर साठ लिटर मोरीत जाते. शेतकऱ्याला हे पाहवत नाही. नळी एका पिंपात सोडा. फरशी, भांडी, संडास, गोठा धुण्यास हे पाणी चांगले चालते. परंतु हिशेब लक्षात ठेवा: आत ८०० टीडीएसचे पाणी गेले तर टाकाऊ पाणी सुमारे १०५० चे होते. एवढ्या पाण्याने परसबागेतील झाडे मरत नाहीत. पण तेच पाणी रोज त्याच वाफ्यात घातले तर जमिनीत क्षार साचतात. जागा बदलावी आणि पावसाळ्यात जमीन धुऊन निघू द्यावी. धानाच्या कोवळ्या परेला मात्र ते घालू नये. लहान रोपाला खारेपणा सोसत नाही. मूळ पाणी १५०० च्या वर असेल तर टाकाऊ पाणी बागेला नकोच.

वाचकहो, प्रभू येशूने याकोबाच्या विहिरीजवळ बसून एका अनोळखी स्त्रीकडे पाणी मागितले. आपल्या दारातही कोणी तहानलेला येतो, आणि आपण दिलेला पेला तो न पाहता, न विचारता ओठाला लावतो. तो पेला निर्मळ आहे की नाही, हे पाहण्याचे काम त्याचे नाही, आपले आहे. येत्या पहिल्या शुक्रवारी टाकीचे झाकण काढा आणि तळाशी बोट फिरवून पाहा.