मनगट कोण सोडतं?

गोल्फचा नवशिका चेंडूजवळ आला की मनगटांनी जोरात झटका देतो. लांबी त्या झटक्यातूनच मिळते, अशी त्याची पक्की समजूत असते. पदार्थविज्ञानाला ती मान्य नाही.

1968 साली ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ‘द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ या पुस्तकात स्विंगची मांडणी एकाला एक जोडलेल्या दोन दांड्यांसारखी केली. वरचा दांडा म्हणजे हात, खालचा क्लब आणि मधली बिजागरी म्हणजे मनगट. क्लब खाली यायला लागतो तेव्हा दोहोंत जवळपास काटकोन असतो. हातांचा वेग वाढला की क्लबचं डोकं आपसूक बाहेर फेकलं जातं, कोन उघडतो आणि हातांमधली ऊर्जा क्लबकडे जाते. हात त्या वेळी चक्क मंदावतात! आसूड ओढताना मूठ थबकते आणि टोक कडाडतं, तसंच हे. सगळा मामला पाव सेकंदाच्या आसपास आटोपतो. चेंडूशी गाठ जेमतेम अर्धा मिलिसेकंद. ‘आता सोडू’ असं ठरवायला सवड कुठली? घाईचा झटका कोन वरच उघडतो आणि वेगाचा कळस चेंडूआधीच येऊन जातो.

मग पकड कशी हवी? 200 ग्रॅमचं डोकं ताशी 160 किलोमीटरने फिरताना हातांना साधारण 25 किलो वजनाइतकी ओढ देतं, त्यामुळे ढिलं धरून भागत नाही. पण बोटं आवळणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात, त्यांच्या कंडरा मनगटावरून जातात. मूठ करकचून आवळली की मनगटही आखडतं. म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याने दांडा डाव्या तळव्यात खोल न घेता बोटांच्या मुळाशी धरावा, भार शेवटच्या तीन बोटांवर ठेवावा. उजवी करंगळी डाव्या तर्जनीशेजारच्या खाचेवर टेकवण्याच्या पकडीला हॅरी व्हार्डनचं नाव आहे. शोध त्याचा नसला तरी ओपन स्पर्धा सहा वेळा जिंकणाऱ्याचं नाव चिकटणारच.

मुठी दांड्यावर किती वळवल्या, यावर क्लबच्या तोंडाची दिशाही ठरते. चेंडूची सुरुवातीची दिशा एका अंशाने चुकली, तर 200 मीटरवर तो साडेतीन मीटर बाजूला जातो.

मनगट वेळेवर सुटतंय का, तपासायचंय? क्लब उलटा, डोक्याजवळ धरून फिरवा. ‘सूं’ आवाज उजव्या कानापाशी आला तर मनगट लवकर सुटतंय. तो चेंडूच्या जागेपाशी किंवा जरा पुढे यायला हवा.