सुरुवातच उणे १७ पासून!

‘सर, डोक्यावर आधीच कर्ज आहे, धंदा कसा उभा करू?’ हा प्रश्न मला नेहमी येतो. म्हणून आज एडी हाऊची गोष्ट.

इंग्लंडच्या बोर्नमथ क्लबचा हा बचावपटू. गुडघ्याने दगा दिला आणि २००७ मध्ये खेळणं संपलं. ३१ डिसेंबर २००८ ला क्लबने टीम तात्पुरती त्याच्या हातात दिली. वय ३१. टीम चौथ्या श्रेणीत, आणि क्लबच्या आर्थिक गोंधळाची शिक्षा म्हणून १७ गुण आधीच कापलेले! एका विजयाचे गुण ३, म्हणजे जवळजवळ सहा विजय पाण्यात.

पहिले दोन्ही सामने तो हरला. (आपण इथेच शटर ओढतो, खरं ना?)

त्या सीझनला काम एकच होतं, लीगबाहेर फेकलं न जाणं. हाऊने क्लबचा जुना स्ट्रायकर स्टीव्ह फ्लेचर याला परत आणलं. वय ३६! एप्रिल २००९ मध्ये ग्रिम्सबीला २-१ ने हरवून टीम वाचली, आणि विजयी गोल फ्लेचरचाच. पुढच्याच वर्षी बढती. मध्ये हाऊ बर्नलीला गेला, परत आला, आणि २०१५ मध्ये बोर्नमथ थेट प्रीमियर लीगमध्ये.

आता वही काढा. तुमचे उणे किती, ते आधी लिहा.