नऊ इंचांची खुर्ची

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, कुठे ना कुठे मांडव पडतो आणि नव्याकोऱ्या व्हीलचेअरची रांग लागते. अशाच एका कार्यक्रमात मी पाचेक वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसवलेलं पाहिलं. खुर्चीची बैठक अठरा इंच, पोर बुडाशी जेमतेम नऊ इंच. उरलेल्या जागेत आईनं गोधडी कोंबली होती. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. पोर डावीकडे कलंडली होती, पण तिकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

त्या नऊ इंचांचं काय करायचं, हे ज्यांना कळतं आणि जे रविवार घालवून ते करतात, त्यांच्या कामाची ही रीत.

समजा, पुणे जिल्ह्यातल्या नाणे मावळात एका वाडीवर अशी एक मुलगी आहे. तिला आपण चिमी म्हणू. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या आगेमागे मेंदूच्या वाढीला इजा झाली की स्नायूंना पोचणारे हुकूम गडबडतात. पाय ताठरतात, मान ढळते, पाठीला पोक येतो. अशा पुष्कळ मुलांना समोरचं सगळं समजत असतं, अंग तेवढं ऐकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत हा प्रकार आहे. सरकारी एडिप योजनेतून साधनंही मिळतात. कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीत अशा मुलांसाठी खास खुर्ची बनते. पण ती ठरावीक मापांत येते आणि चिमी काही ठरावीक मापात जन्मलेली नाही.

स्वयंसेवक पहिल्यांदा घरी जातात तेव्हा हत्यारं नेत नाहीत. सोबत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट हवाच. त्याच्याशिवाय केलेली खुर्ची म्हणजे नुसतं फर्निचर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये व्हीलचेअर देण्याच्या कामाचं जे प्रशिक्षण आखलं, त्यात आठ पायऱ्या आहेत, आणि खुर्ची तयार करणं त्यातली पाचवी. उत्साही इंजिनिअर मंडळींना हे फार जड जातं. पहिली फेरी बोलण्याचीच. चिमी जेवते कुठे? आजी तिला कुठल्या कुशीवर घेते? शाळा ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? दाराची रुंदी किती, उंबरा किती उंच? शेवटचे दोन प्रश्न विसरले, म्हणजे सुंदर खुर्ची जन्मभर ओटीवर राहते.

मग मापं. मूल गादीवर नाही, पाटावर किंवा बाकावर बसवायचं. मऊ जागेवर माप खोटं येतं. एकानं मागून धरायचं, दुसऱ्यानं मोजायचं. कमरेखालच्या सर्वांत रुंद भागाला दोन्ही बाजूंनी दोन जाड पुस्तकं टेकवली, की त्यांच्यामधलं अंतर ही बैठकीची रुंदी. बुडाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या खळीपर्यंतच्या अंतरातून तीन ते पाच सेंटिमीटर वजा केले, की बैठकीची खोली. खळीपासून टाचेपर्यंत पायफळीची उंची, आणि बैठकीपासून खांद्यापर्यंत, मान सावरत नसेल तर डोक्यापर्यंत, पाठीची उंची.

सगळी खुर्ची उभी राहते ती ओटीपोटाच्या हाडांवर. बैठक खोल झाली तर मूल पुढे घसरतं आणि पाठीची कमान होते. रुंद झाली तर एका बाजूला झुकतं, आणि वाढत्या वयात कणा त्याच बाजूला वाकायला लागतो. पाय लोंबकळत राहिले तर पुष्कळ मुलांचा ताठरपणा वाढतो, म्हणून तळवे पूर्ण टेकायला हवेत. साधारणपणे कंबर, गुडघे आणि घोटे तिन्ही काटकोनात. पट्टा पोटावरून नको. मांड्या जिथे कमरेला मिळतात तिथे, तिरका. पायांची कात्री होत असेल तर गुडघ्यांमध्ये मऊ ठोकळा बसवतात. तो मांड्या दूर ठेवण्यासाठी असतो, घसरणारं मूल अडवण्यासाठी नाही. नवखे हीच चूक करतात. पुढे कोपराच्या उंचीवर फळी, म्हणजे ताटलीही राहील आणि पाटीही.

साहित्याचा प्रश्न मावळात पावसाशी येऊन थांबतो. पुठ्ठ्याचे थर खळीनं चिकटवून भक्कम खुर्च्या करायची पद्धत झिम्बाब्वेत विकसित झाली आणि जगभर पसरली. पैसा जवळजवळ लागत नाही, आणि लोणावळ्यात चिक्कीच्या खोक्यांना तोटा नाही. पण जिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथे आषाढात त्या पुठ्ठ्याची काय गत होईल ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझं मत विचाराल तर इथे पाण्याला टिकणारा बारा मिलिमीटरचा प्लायवूडच बरा, कडा रंगवून बंद केलेला. आत फोमचे दोन थर, खाली घट्ट, वर मऊ. त्यावर रेक्झिन ताणलं की पुसायला सोपं, पण मुलाला घाम येतो. धुता येईल असं सुती कव्हर दोन नग शिवावं. हे काम वाडीतला शिंपीच चांगलं करतो.

चाकांचंही तसंच. दवाखान्यातल्या खुर्चीची पुढची चिमुकली चाकं खाचराच्या बांधावर पहिल्याच चिखलात रुततात. ब्रिटनमधल्या मोटिव्हेशन संस्थेनं खडबडीत जमिनीसाठी तीन चाकांची लांब खुर्ची केली. पुढे एकच मोठं चाक, म्हणून ती सहसा तोंडावर पालथी होत नाही. मागे सायकलची चाकं लावली तर पंक्चर कामशेतच्या बाजारातही निघतं. जे मोडेल ते तालुक्यातच दुरुस्त व्हायला हवं, ही अट कागदावर आधी लिहावी.

खुर्ची झाली म्हणून पोराला दिवसभर बसवायचं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं. मग कपडे सरकवून बुडाची, पाठीची, गुडघ्यांची कातडी पाहायची. लाल डाग अर्ध्या तासात विरला नाही, तर तिथे खुर्ची टोचते आहे. वेळ हळूहळू वाढवायचा. जेवण मात्र बसवूनच भरवावं, हनुवटी किंचित खाली. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जायचा धोका असतो.

याच कामाचा एक खेळकर भाऊ आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या कोल गॅलोवे या फिजिओथेरपीच्या प्राध्यापकांनी बॅटरीवरच्या खेळण्यातल्या मोटारी अशा मुलांसाठी बदलायला सुरुवात केली. ‘गो बेबी गो’ या नावानं ते काम पसरलं. युक्ती साधी आहे. त्या मोटारीचं पायाखालचं पेडल म्हणजे नुसता स्विच. त्याच्या दोन तारा सोडवून स्टिअरिंगवर बसवलेल्या बशीएवढ्या बटणाला जोडायच्या. हात ठेवला की गाडी चालते, उचलला की थांबते. पीव्हीसी पाइपाची चौकट, फोम, पट्टा, झालं. मूळचा फ्यूज तेवढा काढू नये, आणि आपल्याकडच्या उतारांवर नको, सपाट मैदानात, मोठं माणूस शेजारी चालत असताना. जे मूल नेहमी कुणाच्या तरी कडेवरून हिंडलं, ते पहिल्यांदा स्वतः ठरवून आजीपासून दूर जातं. आजी घाबरते. घाबरू द्यावी.

हे काम कुणाचं? चाकण-तळेगावच्या कारखान्यांत जिग-फिक्स्चर बनवणाऱ्यांचं, सुताराचं, वेल्डरचं, आयटीआयच्या पोरांचं. जयपूर फूट या कृत्रिम पायामागे डॉ. सेठींइतकेच रामचंद्र शर्मा हे कारागीर होते. आपल्याच जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, आणि २००२ मध्ये तिथे फॅब लॅब ही यंत्रं-हत्यारांची कार्यशाळा आली. गावातली मुलं हातानं शिकतात ते तिथे दिसतं. आणि ‘चाकाची खुर्ची’ हे शब्द ज्यांच्या आत्मकथनाचं नाव झाले, त्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः त्या खुर्चीत बसून संस्था उभी करत होत्या. खुर्चीबद्दलचा शेवटचा शब्द बसणाऱ्याचा, हे बनवणाऱ्यानं मान्य करावं.

सत्कार कुणाचा करायचा असेल तर सहा महिन्यांनी परत जाणाऱ्याचा करा. चिमी तोवर वाढलेली असते. पायफळी एक भोक खाली घ्यावी लागते, पाठ एक भोक वर, म्हणूनच भोकं आधीपासून इंचाइंचावर पाडून ठेवलेली असतात. काम दहा मिनिटांचं, पण कामशेतहून एसटी, पुढे पायवाट आणि वर पाऊस. तुम्हाला यात हात लावायचा असेल तर पहिल्या दिवशी करवत आणू नका. मोजपट्टी आणा, आणि पुढच्या सहामाहीतला एक रविवार आत्ताच राखून ठेवा.