बाहेरचा सामना: तगडा की सोपा?
अमेरिकेतल्या बड्या कॉलेज फुटबॉल संघांना हंगामात साधारण 12 सामने मिळतात. त्यातले 8-9 आपल्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे विद्यापीठांच्या ठरलेल्या गटातल्या संघांशी. उरलेल्यांसाठी प्रतिस्पर्धी विद्यापीठच निवडतं, आणि अनेक जण छोट्या संघाला पैसे मोजून घरच्या मैदानावर बोलावतात. 2007 मध्ये मिशिगनने अॅपलाचियन स्टेटला असेच 4 लाख डॉलर दिले. लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर अखेरच्या क्षणी पाहुण्यांनी मिशिगनची फील्ड गोलची किक अडवली आणि सामना 34-32 असा खिशात घातला. असं क्वचित घडतं. एरवी निकाल मध्यंतरालाच कळलेला असतो.

याउलट तगडा प्रतिस्पर्धी 2025 मध्ये टेक्सासने घेतला. सलामीलाच गतविजेत्या ओहायो स्टेटच्या मैदानावर 14-7 अशी हार, पुढे कॉन्फरन्समध्ये आणखी दोन पराभव, आणि विजेतेपद ठरवणाऱ्या 12 संघांच्या प्लेऑफचं दार बंद. अशा हारीला प्लेऑफचे संघ ठरवणाऱ्या निवड समितीने कमी वजन द्यायलाच हवं, नाहीतर असा सामना घ्यायला कुणी धजावणार नाही. टेक्सासच्याच एसईसी कॉन्फरन्सने 2026 पासून अंतर्गत सामने 8 वरून 9 केले आणि बाहेरचा एक तगडा प्रतिस्पर्धी सक्तीचा ठेवला, हे उत्तम झालं.